बॉयलरच्या दोन शिफ्ट

सकाळी सातचा भोंगा झाला की रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावातली माणसं कंपनीत जायची आणि म्हात्रेदादांचा कुत्रा जेवायला बसायचा. दुपारी तीनचा भोंगा झाला की पुन्हा बसायचा. मधल्या वेळात त्याच्यापुढे कोणी काही टाकलंच, तर दादा ते उचलून त्या माणसाच्या हातात परत द्यायचे. "शिफ्टचा भोंगा झाल्याबिगर जेवण नाय," हा त्या घरचा कायदा.

कुत्र्याचं नाव बॉयलर. दादांनी रोह्याच्या कंपनीत वीस वर्षं बॉयलर सांभाळला, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हा चार पायांचा बॉयलर सांभाळायला घेतला. अंगाने पिवळट, एक कान उभा, एक पडलेला, जात विचारू नये असा. पण दादा त्याच्याकडे असे बघायचे, की आता याचं प्रेशर तपासतील.

माझा वरसे नाक्यावर एसटीडी बूथ होता. समोरच दादांची पडवी. नव्वद-ब्याण्णव सालापासून दहा वर्षं मी त्या काचेच्या पेटीशेजारी बसले, त्यामुळे बॉयलरचं खाणं मला माझ्या पोरांच्या खाण्यापेक्षा पाठ.

फर्स्ट शिफ्ट कच्चं. कोंबडीच्या माना, खाटकाकडचे छिछडे, सोमवारी दादांचा उपास म्हणून नुसतं कच्चं अंडं. शुक्रवारी धरमतरकडची गोदी कोळीण मासळीची पाटी घेऊन यायची. तिच्याकडून मांदेली. पहिल्यांदा तिला कळलं की आपली ताजी फडफडीत मांदेली कुत्र्याच्या थाळीत जाते, तेव्हा ती पाटी घेऊन उठलीच. "दादा, मी पहाटं उठून काय कुत्र्यासाठी एवढ्या लांब येते काय?" दादा शांतपणे म्हणाले, "गो गोदे, माणसं तुझी मांदेली तळून तिची चव घालवतात. हा एकटाच खरी चव घेतो." गोदी जरा विचारात पडली, आणि पुढच्या शुक्रवारी आली.

सेकंड शिफ्ट कोरडं. म्हणजे कुत्र्यांसाठी पिशवीत तयार मिळणाऱ्या त्या तपकिरी गोळ्या. त्या वेळी रोह्यात असल्या गोळ्या कोणी पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडे कुत्र्याला उरलेला भात मिळायचा आणि कुत्रं शेपटी हलवायचं. दादांची मुलगी वैशाली त्या ठाण्याहून आणायची. दादा चहाच्या कपाने मोजून दोन कप घालायचे, वर बोट फिरवून कप सपाट करायचे.

माझ्या नवऱ्याने एकदा सहज विचारलं, "दादा, दोन्ही कालवून एकदमच का नाही घालत?"

झालं! दादांनी हातातली बादली खाली ठेवली. "भाऊ, भट्टीत कोळसा आणि तेल एकदम घालाल काय? कच्च्याला वेगळी आच लागते, कोरड्याला वेगळी. मध्ये आठ तास पायजेत. कालवलं का बॅच बिघडली!"

बॅच बिघडेल, हा त्यांचा आवडता धाक. माझ्या चहात दूध जास्त झालं तरी बॅच बिघडायची. त्यांचं ते आचेचं शास्त्र खरं की खोटं, देव जाणे. आज माझी भाची पुण्यात कुत्र्याला दोन्ही कालवून घालते आणि तो चांगला टुणटुणीत आहे. हे ऐकून भांडायला आता दादा नाहीत, याचंच वाईट वाटतं.

एकदा कंपनीत आगीचा सराव होता. अकरा वाजताच भोंगा झाला. बॉयलर धावत येऊन थाळीपुढे बसला आणि दादांकडे बघायला लागला. दादांची पंचाईत! कच्चं घालावं तर सकाळीच झालेलं, कोरडं घालावं तर चार तास कमी. शेवटी माझ्या बूथवर आले आणि कंपनीच्या गेटवर फोन लावला. "हा भोंगा कुठल्या शिफ्टचा धरायचा?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण दादा घरी जाऊन बॉयलरला समजावत होते, "ड्रिल हाय रे, ड्रिल. बस खाली."

आता तुम्ही म्हणाल, माणूस विक्षिप्त. मीही तेच म्हणायचे. पण मला हळूहळू एक गोष्ट कळली, ती सांगते.

वैशाली सहा वर्षांची असतानाच दादांची बायको गेली. पोरीला त्यांनी एकट्याने वाढवलं, वेण्यासुद्धा स्वतः घालायचे, दोन्ही वेण्या दोन दिशांना जायच्या. बॉयलरला पिल्लू असताना वैशालीनेच स्टेशनवरून उचलून आणलं. मग तिचं लग्न झालं, ती ठाण्याजवळ कळव्याला गेली, आणि कुत्र्याने खाणं सोडलं. ती गोळ्यांची पिशवी घेऊन आली, तिच्या हातून त्याने खाल्लं, तिथून हे कोरडं सुरू झालं.

तिची सासू कडक. "लग्न झालेल्या मुलीचे पाय सारखे माहेराकडे कशाला वळतात?" असं तोंडावर विचारणारी. पण बाई देवभोळी, मुकं जनावर उपाशी राहिलं तर पाप लागेल म्हणून घाबरायची. वैशालीने घरी सांगून ठेवलं होतं, की बाबांचा कुत्रा या गोळ्यांशिवाय काही म्हणता काही खात नाही आणि या गोळ्या रोह्याला मिळत नाहीत. पिशवी संपली की सासू स्वतः म्हणायची, "जा बाई, देऊन ये." सकाळच्या पॅसेंजरने येणं, दुपारच्या गाडीने परत. महिन्यातून एक दिवस. बाप-लेकीची भेट त्या गोळ्यांवर चालली होती.

सकाळच्या कोंबडीच्या मानांबद्दल सासूला अर्थातच कोणी बोललं नव्हतं. एकदा बाईंनी थेट माझ्या बूथवर फोन केला. "त्यांच्या कुत्र्याची तब्येत कशी आहे हो?" समोर पडवीत बॉयलर कडाकडा हाड फोडत होता. मी म्हटलं, "कसली तब्येत, निपचित पडलाय बिचारा." चार दिवसांत वैशाली हजर. त्या खोट्याबद्दल देवाने मला काय शिक्षा करायची ती करावी.

पिशवी तीस दिवसांची. पण ती तीस दिवस कधी पुरायची नाही. पंचविसाव्या दिवशी दादा बूथमध्ये. "थंडी हाय, कोरडं वाढवलं. अडीच कप." उन्हाळ्यात म्हणायचे, "उन्हाळा हाय, कच्चं बाधतं, कोरडं वाढवलं." पावसात आणखी काही. कारण दर वेळी नवं, पिशवी दर वेळी लवकर खल्लास. बॉयलर मात्र पिंपासारखा फुगत चालला होता.

आणि फोन कसा करायचे ऐका. "हॅलो. म्हात्रे बोलतोय. माल संपत आलाय. चार दिवस पुरंल. तब्येत? त्याची चांगली हाय. माझी कशाला विचारतेस? फोन बॉयलरसाठी हाय." खाडकन रिसीव्हर खाली. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "वहिनी, आवाज जरा बसल्यासारखा वाटला काय हो तिचा?" जसं काही मी पलीकडून ऐकत होते! मी म्हणायचे, "नाही हो, सर्दी असेल." तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं.

असं छान चाललं होतं आणि एक दिवस मी माती खाल्ली. रोह्याच्या बाजारपेठेत रमेशशेठचं नवं जनरल स्टोअर निघालं. दारातच त्याच गोळ्यांच्या पिशव्यांची थप्पी. मी धावतपळत येऊन सांगितलं, "दादा, तुमच्या गोळ्या आता रोह्यात मिळायला लागल्या!"

दादांचा चेहरा असा उतरला, की मला माझी जीभ चावावीशी वाटली. मग म्हणाले, "नकली असतील," आणि आत गेले. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. कळव्याच्या बाईंना हे समजलं की लेकीचं येणं संपलं.

दुसऱ्या दिवशी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात गेले. हे मला नंतर रमेशशेठने सांगितलं. दादांनी त्याला हात जोडले. "शेठ, विका, पण दारात नका ठेवू. आत, साबणाच्या मागे ठेवा. स्टेशनवरून रिक्षा इथूनच जातात." शेठला काही उमगलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाने हात जोडलेले बघून त्याने पिशव्या आत हलवल्या.

पुढच्या महिन्यात वैशाली आली ती आधी माझ्या बूथवर, पोचल्याचा फोन करायला. फोन झाला. मग तिने मांडीवरची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि नखाने तिच्यावरचं काहीतरी खरवडायला लागली. मी बघितलं. रमेशशेठच्या दुकानाचं लेबल!

"काकू, काल ठाण्याचं दुकान बंद होतं," ती खाली मान घालून म्हणाली. "इथे मिळतात हे मला मागच्याच खेपेला कळलं होतं. पण आज बाहेर दिसल्या नाहीत म्हणून विचारलं, तर शेठ म्हणाले, वरसेचे एक म्हात्रे म्हणून आहेत, त्यांनी आत ठेवायला सांगितल्यात." ती हसायला गेली आणि रडायला लागली. मीही लागले. दोघी वेड्यासारख्या त्या लेबलावर थुंकी लावून खरवडत होतो.

"बाबांना सांगू नका हं," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि आमच्या सासूबाईंना तर मुळीच नाही."

मी तिच्याबरोबर पडवीत गेले. दादांनी पिशवी हातात घेतली, नाकाशी धरली. "बघा वहिनी, ठाण्याचा माल. वासच वेगळा." बोलता बोलता त्यांचा अंगठा लेबलाच्या जागी थांबला. कोपऱ्यात कागदाचा चिकट तुकडा राहिला होता, त्यावर शेठच्या नावाचा 'र' अजून दिसत होता. दादांनी माझ्याकडे बघितलं नाही, लेकीकडेही नाही. त्यांनी तो तुकडा नखाने सावकाश काढला, त्याची गोळी केली आणि खिशात टाकली.

साडेबारा वाजले होते. वैशालीची गाडी तीनच्या आधीची. एवढी वर्षं ती पिशवी आणायची, पण त्या पहिल्या पिशवीनंतर बॉयलरला गोळ्या खाताना तिने कधी बघितलंच नव्हतं, कारण भोंग्याच्या आधी तिला निघावं लागायचं.

दादा आत गेले. सकाळच्या उरलेल्या चार माना थाळीत घेऊन आले, पिशवी फोडली आणि कप न घेता, ओंजळीने गोळ्या ओतल्या. कच्च्यावर कोरडं. थाळी लेकीच्या हातात दिली. बॉयलरने आधी कंपनीच्या दिशेने कान टवकारला, भोंगा ऐकू येतोय का म्हणून. मग वैशालीने "ये रे" म्हटल्यावर तुटून पडला.

मला राहवेना. "अहो दादा, दोन्ही एकदम? बॅच बिघडेल ना?"

दादा लेकीकडे बघत होते. ती उकिडवी बसून बॉयलरच्या पडलेल्या कानामागे खाजवत होती. त्यांनी आणखी एक ओंजळ थाळीत टाकली.

"बिघडू दे," ते म्हणाले. "माल तरी लवकर संपंल."