हिरवं दाब, जासूर!

"भाडं हातात मोजून घ्यायचे दिवस संपले, दादा! आता थेट तुझ्या खात्यात!" असं म्हणत जासूरने नवंकोरं कार्ड बोतीरच्या नाकापुढे नाचवलं. दोघेही उझबेक, जपानात शिकायला आलेले, एकाच खोलीत राहणारे. त्यांच्या भाषेत जासूर म्हणजे शूर आणि बोतीर म्हणजे वीर. आईबापांनी नावं मोठ्या आशेने ठेवली होती.

खातं उघडायलाच जासूरच्या तीन खेपा झाल्या होत्या. एकदा नाव चौकोनांत मावेना, एकदा पत्ता जुळेना. तिसऱ्यांदा सहीऐवजी लागणारा नावाचा शिक्का कोरून नेला, तेव्हा कुठे काम फत्ते झालं! तेव्हापासून तो शिक्का सदैव खिशात.

पण बँकेतल्या पैसे पाठवायच्या मशीनच्या पडद्यावर बटणांची ही जत्रा! जासूरच्या तोंडचं पाणी पळालं. भलतंच दाबलं आणि पोलीस आले तर? व्हिसा गेला तर? बापाने दोन गाई विकून त्याला धाडलं होतं. असाच परत गेला, तर उरलेली तिसरी त्याला शिंगावर घेणार! त्याने बोतीरला फोन लावला.

"दादा, निळं दाबू की हिरवं?"

"हिरवं दाब! आणि तिथं कुणाला काही विचारू नकोस. उगाच चौकशा करतात!"

"थांबा! एकही बटण दाबू नका!"

बँकेतल्या कावाबेबाई हात पसरून आडव्या आल्या. मशीनपुढे कुणी फोन कानाला लावून उभा दिसला, की पलीकडून ठग त्याला लुबाडतोय असं समजायचं, ही त्यांना मिळालेली शिकवण. पाच मिनिटांत जासूर आतल्या खोलीत! पुढ्यात चहा आणि चहापलीकडे हवालदार योकोई!

जासूरची पाचावर धारण बसली. काही झालं तरी खोटं बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. तेच भोवलं.

"पैसे कुणाला पाठवत होतात?"

"द... दादाला."

"सख्खा भाऊ?"

"नाही. इथं आल्यावर ओळख झाली."

"तो काय म्हणाला?"

"हिरवं दाब म्हणाला."

"आणखी?"

"कुणाला काही विचारू नकोस म्हणाला."

"अरेरे! किती भोळं पोर!" कावाबेबाईंचे डोळे भरून आले.

हवालदारांनी जासूरचा फोन घेऊन दादाला लावला. "मी पोलीस बोलतोय." पलीकडच्या वीराने फोन जो बंद केला, तो पुन्हा लागलाच नाही.

"बघितलंत? ठग असेच पळतात!"

'तो माझ्याच खोलीत राहतो' हे जासूरच्या ओठांवर आलं आणि तिथंच थिजलं. बोतीर जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात, विद्यार्थ्यांना असलेल्या परवानगीपेक्षा आठवड्याला दोन तास जास्त राबत होता. पोलीस खोलीवर आले, तर दोघांचंही बिऱ्हाड विमानात!

हवालदारांनी कागद पुढे सरकवला. 'या इसमाशी मी पुन्हा एक शब्दही बोलणार नाही.' जासूरने खिशातला शिक्का काढला आणि मारला. एकदाचा सुटला बिचारा!

खोलीवर आला, तर बोतीर कुठेच दिसेना. मग गाद्यांच्या कपाटातून, बूट उराशी कवटाळून तो हळूच डोकावला.

"गेले का रे पोलीस? माझं नाव सांगितलंस? बोल ना! अरे, जीव जातोय माझा!"

जासूरने दाराकडे पाहिलं. वही ओढली आणि लिहिलं, 'नाव नाही सांगितलं. पण तुझ्याशी बोलायला बंदी आहे. शिक्का मारून आलोय.'

बोतीरने सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याने पुन्हा एकदा चिठ्ठी वाचली.

"अरे, पण किती दिवस?"

जासूरने खाली लिहिलं, 'विचारायची भीती वाटली.'