सायीच्या रंगाची रेघ

मानवी प्रगतीचा इतिहास म्हणजे योग्य रंग निवडण्याचा इतिहास होय. रुग्णालयाच्या रंगनिश्चिती समितीच्या अहवालातलं हे पहिलं वाक्य. (अहवाल काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर आहे. रंगीत प्रतीला वेगळी मंजुरी लागते.)

काम तसं चिमूटभर. कोणत्या विभागात कोणत्या वारी किती गर्दी, हे संकेतस्थळावरच्या आलेखात दाखवायचं. दर विभागाची एक रेघ, तिचा एक रंग. आकडे विभागांनी परस्पर भरायचे, रंग तंत्रज्ञाने. तो तंत्रज्ञ तेव्हापासून 'रंगराव' झाला. त्याने कंबर कसली त्याला घरचं कारण होतं. आईला मोतीबिंदू झालेला, त्यात गुडघे दहा मिनिटं उभं राहू देईनात. कमी गर्दीचा वार कळला, की तिला घेऊन जायचं होतं.

अकरा बैठका झाल्या. लाल कुणालाच नको. "आम्ही काय धोका आहोत?" असं हृदयविभागाने विचारलं. शस्त्रक्रियावाल्यांनी नुसतेच हात झटकले. हिरव्यावर तिघांचा दावा. तो शेवटी शवागाराला मिळाला, कारण ताटकळल्याची एकही तक्रार तिथून आलेली नव्हती. नेत्रविभागाच्या प्रमुख बाईंनी दुधावरच्या सायीचा रंग पसंत केला. आलेखाची पाटी पांढरी.

"बाई, दिसणार नाही हो ती रेघ," रंगराव म्हणाला.

"गडद रंगाने डोळ्यांवर ताण येतो. आमचे पेशंट आहेत ते, तुमचे नाहीत."

अंतिम निवड अर्थातच झेरॉक्सवर झाली. अध्यक्षांनी चष्मा न लावता 'रंगसंगती झकास' असा शेरा मारला. पुढे जनतेचा कौलही आला: 'सुंदर' म्हणणारे नऊ हजार चारशे बारा, आलेख उघडून पाहिलेले सतरा. (वाचकहो, कुणाचीही नावं आम्ही छापणार नाही. निर्धास्त राहा.)

कौल आला त्या संध्याकाळी रंगरावाने मोबाइलवर आलेख उघडून आईसमोर धरला.

"कोरंच आहे की रे."

"आहे गं रेघ. ही बघ, बोटाखाली."

"मग बोट काढ."

त्याने काढलं.

"आता बोटही नाही," आई म्हणाली. मग आवाज खाली आला. "वाढला वाटतं रे मोतीबिंदू."

आपल्यालाही काही दिसत नाही, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याने रुग्णालयाच्या चौकशी खिडकीला फोन लावला.

"डोळ्यांच्या विभागात गर्दी कोणत्या वारी कमी असते हो?"

"संकेतस्थळावर आलेख आहे ना, साहेब. मुद्दाम समिती नेमून केलाय."

"त्यात ती रेघ दिसत नाही."

"तुम्हालाही नाही?" पलीकडचा आवाज एकदम घरगुती झाला. "मग एक करा ना. परवा या, कोपऱ्यात उभे राहा, आणि किती माणसं येतात तेवढी मोजून आम्हाला सांगा. इथे सगळे तेच विचारतात हो."