आतार मास्तरांना दिसायचं तिथवर

आतार मास्तर नव्या मुलाला नाव विचारत नसत. ते त्याला वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत चालायला लावत आणि चष्म्यावरून बघत राहत. मुलगा फळ्याशी पोचायच्या आत म्हणत, "दशांशापर्यंत." दुसऱ्याला म्हणत, "सरळव्याजापर्यंत." क्वचित एखाद्याच्या वाट्याला "वर्गसमीकरणापर्यंत" येई. मग हजेरी घ्यावी इतक्या सहजपणे खडू उचलून ते शिकवायला लागत. मुलाला वाटे, आपलं कुठवर शिकून झालंय ते मास्तरांनी ओळखलं. बिचाऱ्याला काय माहीत, की आपली शाळा कुठे संपणार ते मास्तरांनी सांगून टाकलंय.

आणि ती तिथेच संपायची.

मी जुन्नरला एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो तेव्हा स्वातंत्र्य येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. हायस्कूल म्हणजे आठवी ते अकरावी, अकरावीला मॅट्रिकची परीक्षा. आठवीत अंकगणित, नववीपासून त्यावर बीजगणित आणि भूमितीचा मारा. गणिताची वाट म्हणजे शिवनेरीची वाट होती. पहिल्या दरवाज्यात ही गर्दी, आणि शेवटच्या दरवाज्यात चार डोकी. पोरं गळणं सगळ्याच शाळांत होतं. आमच्याकडे ते आधी सांगून व्हायचं.

"सरळव्याजापर्यंत" म्हटलेला नारायणगावचा एक मुलगा व्याज घोटून तयार बसला होता. ज्या सकाळी चक्रवाढ व्याजाचं पान उघडायचं, त्याच सकाळी त्याचे वडील बैलगाडीवरून पडले आणि मुलगा औताला लागला. "अवयवांपर्यंत" म्हटलेल्या एकाचं बिऱ्हाड अवयवांचा धडा संपला त्या आठवड्यात मुंबईला गेलं. सगळ्यात विलक्षण तो ओतूरचा हुशार मुलगा. घरी सगळं ठीक, तब्येत ठणठणीत, आणि एक दिवस भर तासाला तो दप्तर आवरून उठला. मी त्याला फाटकाशी गाठलं. तो म्हणाला, "मास्तरांचे व्हट हलत्यात सर. पर मला त्यातलं काईच ऐकू येईना." आम्ही त्याचे कान डॉक्टरांना दाखवले. कान चांगले होते. मास्तरांनी त्याला "प्रमाणापर्यंत" म्हटलं होतं, आणि प्रमाणाचा धडा आदल्या दिवशी संपला होता.

मास्तरांचं घराणं अत्तर विकणारं. पेठेत भावांचं दुकान होतं, आणि मास्तरांच्या कानात बाराही महिने हिन्याचा फाया असे. त्यामुळे मास्तर येण्याआधी त्यांचा वास यायचा आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. पुढे मुलं सांगू लागली की मास्तर रजेवर असले तरी, ज्या दिवशी एखादा बाक रिकामा व्हायचा त्या दिवशी वर्गात हिना दरवळतो. मी लगेच अंधश्रद्धेवर निबंध लिहायला दिला. रिकाम्या वर्गात बसून ते निबंध तपासत असताना मलाही तो वास आला. मी वह्या तशाच टाकल्या आणि मैदानात, उन्हात जाऊन उभा राहिलो.

गावाने त्यांना काळ्या जिभेचा ठरवून टाकलं होतं. ते गल्लीतून निघाले की बाया पोरांना पदराआड घेत. आमचे ड्रिल मास्तर एरवी साऱ्या शाळेला चालवायचे, पण आतार मास्तर समोर असले की स्वतः पाऊल उचलायचे नाहीत. भिंतीला टेकून उभे राहायचे. न जाणो, आपण चार पावलं टाकली आणि हे "दिवाळीपर्यंत" म्हणाले तर? आतार मास्तरांचं सगळ्यावर एकच उत्तर असे. "मी करत नाय भाऊ. दिसतं ते बोलतो." एवढं बोलून ते चहाची बशी तोंडाला लावत, आणि समोरची खुर्ची बहुतेक रिकामी असे.

तरी पालकांना दुसरा गणिताचा मास्तर कुठून मिळणार? मग लोक घासाघीस करायला लागले. बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करणारा एकजण आपल्या पोराला घेऊन आला. पोराला "दशांशापर्यंत" मिळालं होतं आणि ते बापाला मान्य नव्हतं. बैलांचा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून होतो, तोंडाने कोणी भाव बोलत नाही. या गृहस्थाने भर व्हरांड्यात मास्तरांचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि बोटं दाबायला सुरुवात केली. मास्तरांनीही हात काढून घेतला नाही. दलालाच्या कपाळाला आठ्या पडल्या, मिटल्या, पुन्हा पडल्या. शेवटी उपरणं खांद्यावर टाकून तो म्हणाला, "लई घट्ट माणूस हाय राव. त्रैराशिकाच्या वर यायला तयारच न्हाई." एक धडा का होईना वर चढला, म्हणून तो पोराच्या पाठीवर थाप मारून गेला आणि आम्ही पोट धरून हसलो. पोरगं मात्र दशांशालाच गेलं.

हेडमास्तरांची तक्रार वेगळी होती. आतार मास्तर अभ्यासक्रम क्रमाने शिकवत नाहीत, असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. आहुप्याहून आलेल्या एका मुलाला मास्तरांनी "काळ-काम-वेगापर्यंत" म्हटलं होतं. त्याला ते शाळा सुटल्यावर आपल्या घराच्या ओट्यावर बसवू लागले आणि मधले धडे सोडून मण-शेर, तराजू, भाव यांचे हिशेब घोटून घेऊ लागले. त्याच्या घरचे लोक जंगलातला हिरडा गोळा करून व्यापाऱ्याला घालत. मुलगा शाळा सोडून डोंगरात परतला तेव्हा त्याला तिथे लागणारं सगळं गणित येत होतं. गावाने यातलं एवढंच ध्यानात ठेवलं की मास्तरांनी ज्याला ओट्यावर बोलावलं तो जाणार. पोरं त्या ओट्यासमोरून पळत जायची.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी धाकटी बहीण कुसुम गावी, आंबेगावला होती. आई गेल्यावर मी तिला जुन्नरला आणून आठवीत घातलं. वडिलांची अट सरळ होती. जिथं हिचं अडलं, तिथं हिचं लगीन. कुसुमला गणितापुढे जेवणही सुचत नसे आणि तिने पुण्याला कॉलेजात जावं हे मी मनाशी धरलं होतं. त्यामुळे ती मास्तरांच्या वर्गात पहिल्यांदा चालत गेली तेव्हा, विश्वास काडीचा नसताना, मी खिडकीबाहेर उभा होतो.

कुसुम फळ्याशी पोचली. मास्तर बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तिला दाराशी पाठवून परत चालायला लावलं. ती पुन्हा फळ्याशी आली. मास्तरांनी काही न बोलता खडू उचलला आणि शिकवायला सुरुवात केली.

अशी गोष्ट पूर्वी कधी घडली नव्हती. त्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला अख्खं जुन्नर मोकळं होतं आणि कोणीच चांगला अर्थ लावला नाही. वडील मुद्दाम गावाहून आले. त्यांना फक्त मुहूर्ताची सोय बघायची होती. किती वर्सं थांबू तेवढं सांगा, म्हणजे पावण्यांना शब्द देता येईल, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. दिसत नाही, एवढंच मास्तर म्हणाले. परत निघताना वडील बराच वेळ पायताणाशी घुटमळले. मग हळूच मला म्हणाले, "जिचं पुढलं काई दिसत न्हाई, तिचं काय समजायचं? पोरगी जगंल नव्हं रे?"

मी ते हसण्यावारी नेलं. घरी येऊन मात्र कुसुमच्या कपाळाला हात लावून बघितला. "दादा, मला काही झालेलं नाही," ती म्हणाली, "समीकरण सोडवतेय."

आठवी गेली, नववी गेली. एकेक धडा संपत आला की मी मराठीचा तास सोडून त्या खिडकीशी घुटमळायचो. भोवतालचे बाक रिकामे होत गेले, कुसुम पुढेच जात राहिली. कोणी शिंकलं तरी मी दचकायचो. आणि दहावीत, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, मास्तरांनी तिला ओट्यावर बोलावलं.

ती रोज शाळा सुटली की तिथे जायची आणि हिन्याचा वास घेऊन घरी यायची. अकरावीचं बीजगणित झालं, भूमिती झाली, मॅट्रिकला नसतं तेही सुरू झालं. मास्तर घाई करत होते. शिकवताना मधेच थांबून ते रस्त्याच्या टोकाकडे बघत, कोणी न्यायला येणार असल्यासारखे. मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी ओट्यावर गेलो, कुसुमला घरी पिटाळलं आणि मास्तरांना म्हणालो, ती कधी जाणार ते एकदाचं सांगून टाका. माझा आवाज चढला होता.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "ती नाय जात, भाऊ," ते म्हणाले. "माझं संपत आलंय."

मग ओट्याच्या कडेवर नख ओढत त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तरुणपणी तेही पुण्याला कॉलेजात गेले होते. कॅल्क्युलसचं पुस्तक उघडलं त्याच आठवड्यात वडील गेल्याचा निरोप आला. भाऊ लहान, दुकान उघडं पडलेलं. ते परत आले ते कायमचे. नवं मूल चालत आलं की त्यांना गणिताची सगळी वाट दिसायची आणि मूल तिच्यावर कुठे बसकण मारणार तेही दिसायचं. पण ते स्वतः जिथवर गेले होते तिथवरच ती वाट दिसायची. त्यापुढे नुसता काळोख.

"तुमची कुसुम चालत आली," ते म्हणाले, "आन् माझ्या शेवटाशी थांबलीच नाय. सरळ काळोखात शिरली. मी दोनदा बघितलं. म्हणून आहे तेवढं सगळं तिच्याबरोबर देतोय. तिथं तिला कोण भेटंल, नाय भेटंल."

इतकी वर्षं गाव ज्या माणसाला भीत होतं, तो स्वतःच एका काळोखाला भिऊन त्याच्या तोंडाशी बसला होता, हे त्या वेळी मला कळलं. मला त्यांची फार दया आली. तसं त्यांना म्हणण्याची हिंमत झाली नाही, म्हणून मी त्यांच्याकडे चहा मागितला. त्यांच्या घरी चहा मागणारा मी बहुधा पहिलाच असेन, कारण त्यांना कप सापडेनात.

कुसुम मॅट्रिक झाली, बीजगणित-भूमिती दोन्ही घेऊन. वडिलांनी कुरकुरत शब्द पाळला आणि ती पुण्याला गेली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आतार मास्तर आमच्या दारात उभे होते. कुसुमने धावत खुर्ची आणली. मास्तर खुर्चीवर बसले नाहीत. टोपी सारखी करून ते खाली सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोरी, माझं संपलं त्याच्या पुढं काय असतं?"

कुसुमने माझ्याकडे बघितलं. मग ती त्यांच्यासमोर बसली, पाटीवर एक वळणदार रेघ काढली, तिच्यावर दोन बिंदू दिले आणि एक बिंदू दुसऱ्याजवळ कसा सरकत जातो ते सांगू लागली. मास्तर वाकून बघत होते. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मधे एकदा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मला वाटलं, संपलं यांचं. त्यांनी तेवढंच पुन्हा सांगायला लावलं, मान डोलावली आणि पुढचं विचारलं. उन्हं अंगणात आली तरी दोघं उठली नव्हती.

निघताना मास्तर पायऱ्यांवर रेंगाळले.

"सुट्टी कधी संपती गं तुझी?" त्यांनी विचारलं.

ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी आलेलं पोर विचारतं तसा त्यांचा आवाज होता. मला तोंड फिरवावं लागलं. कुसुमने दिवस सांगितला. मास्तरांनी मान हलवली, एक पायरी उतरले आणि परत वळले.

"मग मी दुपारीपण येऊ का?"

"दुपारी कशाला सर," कुसुम म्हणाली आणि पाटी पुसायला लागली. "या, आत्ताच बसू."