सांता ओर्तेन्सियाचे उंचीचे खांब

घर बांधणे ही घाईगर्दीने उरकण्याची बाब नव्हे, याविषयी ज्यांना आधीच घर आहे त्यांच्यात जगभर कमालीचे एकमत आढळते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सांता ओर्तेन्सिया या गावाने हे तत्त्व नुसते मानले नाही, तर सलग बारा वर्षे आचरणात आणले. इतर गावे बोलतात फार. या गावाने करून दाखवले, म्हणजे काहीच होऊ दिले नाही.

विषय होता छत्तीस परवडणाऱ्या घरांचा. जागा ठरली होती: लाद्यांचे एक गोदाम बंद पडून मोकळे झाले होते, तिथे. परवडणारी म्हणजे गावात शिकवणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालणाऱ्या माणसांना परवडतील अशी. (बाकीची घरे कोणाला परवडतात, हे विचारणे गावात असभ्य समजतात.)

गावाचा नियम असा, की इमारत जमिनीवर बांधण्यापूर्वी ती हवेत दाखवावी लागते. जिथे जिथे कोपरा येणार तिथे तेवढ्याच उंचीचा खांब रोवायचा, खांबांच्या माथ्यावरून नारिंगी जाळी ताणायची, म्हणजे आपले आकाश नेमके किती जाणार हे शेजाऱ्यांना खुर्चीतून न उठता मोजता येते. हे उंचीचे खांब निदान तीस दिवस ठेवावेत, आणि निर्णय होईपर्यंत हलवू नयेत. निर्णय कधी व्हावा, याबद्दल नियम मौन पाळतो.

खांब रोवले एफ्रेन मागतिबायने. एफ्रेन या धंद्यातला मुरलेला माणूस. राहायला मोडेस्टोला, म्हणजे एका वेळचा अडीच तासांचा रस्ता. त्याची बायको लुझ सांता ओर्तेन्सियातच ग्वेन हॅलोरन नावाच्या बाईंच्या वृद्ध आईची देखभाल करायची. नवराबायको पहाटे चारला एकाच गाडीतून निघत. मुलगी मारिसेल तेव्हा सहा वर्षांची. ती उठायची तेव्हा आईबाप डोंगर ओलांडून गेलेले असत, आणि ते परतत तेव्हा ती शेजारणीकडे जेवून पेंगुळलेली असे. आठवड्यातले पाच दिवस तिघांची भेट व्हायची ती भिंतीवरच्या फोटोत.

म्हणून एफ्रेनने या घरांसाठी अर्ज केला. एक हजार नऊशे चाळीस अर्जांच्या सोडतीत त्याचा नंबर तिसरा लागला. दुसरा मजला, नैर्ऋत्येचा कोपरा, दोन झोपायच्या खोल्या. अट एकच: कुटुंबात किमान तीन माणसे हवीत, आणि माणसे मोजायची ती इमारत मंजूर होईल त्या दिवशी. तीन होतीच. एफ्रेन निर्धास्त झाला.

लोक आपले घर स्वप्नात बघतात. एफ्रेनला ते इंचात ठाऊक होते, कारण त्यानेच ते हवेत बांधले होते. दुपारी तो नैर्ऋत्येच्या खांबाला शिडी लावायचा, बरोबर दुसऱ्या मजल्याच्या खुणेपर्यंत चढायचा आणि तिथे बसून डब्यातला भात आणि अडोबोचा रस्सा खायचा. लुझला अर्ध्या तासाची सुट्टी मिळाली की ती खाली येऊन उभी राहायची.

"काय रे, वर काय करतोस?"

"स्वयंपाकघरात बसलोय."

"मग खिडकी पूस की जरा. समुद्र कसला धुरकट दिसतोय!"

"खिडकी तुझ्याकडे लागली. मी फक्त जेवणार."

या प्रकाराविरुद्ध 'सदर जागेचा विनापरवाना निवासी वापर' अशी तक्रार दाखल झाली. त्रिसदस्यीय समितीने सात महिने चौकशी करून निष्कर्ष काढला, की इसम जेवला हे खरे, परंतु जेवणानंतर त्याने हात पँटला पुसले. सबब त्या ठिकाणास स्वयंपाकघर म्हणता येत नाही. एफ्रेन निर्दोष सुटला.

पहिल्या जाहीर सुनावणीत दोनशे चौदा हरकती आल्या. पृथक्करण पुढीलप्रमाणे: दोनशे चौदाही हरकतदार परवडणाऱ्या घरांच्या बाजूचे होते. त्यांपैकी दोनशे नऊ जणांनी त्यापुढचा शब्द 'पण' असा उच्चारला. उरलेले पाच जण 'तथापि' म्हणाले (हे निवृत्त प्राध्यापक होते).

यात अग्रभागी ग्वेन हॅलोरन. बाई मनाने लोणी. त्यांच्या अंगणात 'इथे सर्वांचे स्वागत आहे' अशी सात भाषांतली पाटी होती, आणि तीतली तागालोगची, म्हणजे लुझच्या फिलिपिनो मातृभाषेतली, चूक लुझनेच दुरुस्त करून दिली होती. ग्वेनबाईंचा आक्षेप सावलीला होता. एकवीस डिसेंबरला दुपारी तीन चाळीसला इमारतीची सावली त्यांच्या टोमॅटोच्या वाफ्यावर पडणार होती. (डिसेंबरात टोमॅटो नसतात. पण असते, तर त्यांना काय वाटले असते, हा प्रश्न उरतोच.) त्या सावलीचा अभ्यास करायला दीड वर्ष लागले, कारण एकवीस डिसेंबर वर्षातून एकदाच येतो आणि पहिल्या वर्षी नेमके ढग आले.

"एफ्रेन, तू तर आमच्या घरचाच माणूस," ग्वेनबाई कुंपणावरून म्हणाल्या. "तुला घर मिळालंच पाहिजे. मी तर समितीला ठणकावून सांगितलंय, या लोकांना घरं द्या म्हणून. फक्त इथे नकोत, एवढंच."

"मग कुठे, मॅडम?"

"अरे, तुम्हाला सोयीचं पडेल तिथे!"

एफ्रेनने मान डोलावली. सोयीचे जिथे पडेल तिथलाच खांब तो त्या वेळी हातात धरून उभा होता.

खांब रोवून सहा महिने उलटले तेव्हाच नगरपालिकेच्या खिडकीतून प्रूइट यांनी त्याला बोलावले. प्रूइट अत्यंत सज्जन कारकून. आजवर त्यांनी कोणाचेही काम अडवले नव्हते, ते फक्त नियम वाचून दाखवीत.

"वाईट बातमी नाही, नुसती बातमी आहे," प्रूइट म्हणाले. "एकशे ऐंशी दिवस उभी राहिलेली वस्तू नियमाने बांधकाम ठरते. तुझे खांब आता बांधकाम झालेत."

"मग काढू?"

"काढलेस तर इमारतीचा अर्ज बाद. खांबांना परवानगी काढ."

"बरं. काय करावं लागेल?"

"बांधकाम उंच आहे ना? मग आधी त्याची उंची शेजाऱ्यांना दाखवावी लागेल. खांब लाव."

"खांब किती उंच आहेत ते दाखवायला खांब?"

"आणि जाळी," प्रूइट म्हणाले. "जाळी विसरू नकोस, लोक विसरतात."

एफ्रेनने कपाळावर हात मारला आणि त्याच हाताने खड्डे खणायला घेतले. पहिल्या खांबांना खेटून दुसरे खांब उभे राहिले. त्यांच्यावर एकोणतीस हरकती आल्या. पैकी अकरा जणांचे म्हणणे असे, की नव्या खांबांमुळे जुने खांब नीट दिसत नाहीत.

इथे प्रकरणाला वळण लागले. गावाचा खांबांवर जीव जडला होता. संध्याकाळच्या उन्हात नारिंगी जाळी अशी काही झळाळायची, की लोक तिच्यासमोर लग्नाचे फोटो काढू लागले. घरांच्या जाहिरातींत 'समुद्र आणि खांब, दोन्हींचे दर्शन' असे छापून येऊ लागले. खांबमित्र मंडळ स्थापन झाले. नवव्या वर्षी एफ्रेनने विटलेली जाळी बदलली, तर नवी जाळी 'किंचित उर्मट नारिंगी' असल्याच्या एकसष्ट तक्रारी आल्या, आणि योग्य छटा ठरवायला बाहेरून नारिंगीतज्ज्ञ आणावा लागला. घरांचे घोंगडे मात्र भिजतच पडले होते. पर्यावरणाच्या तेराशे पानी अहवालात आठशे एकाहत्तराव्या पानावर 'काहीही अडचण नाही' असे स्पष्ट लिहिले होते, पण तिथपर्यंत वाचत जाणारा माणूस नेमायला मंजुरी मिळाली नव्हती.

बाराव्या वर्षीच्या मार्चमध्ये पेनेलोपी आली.

पेनेलोपी ही मासेमार घार. (नाव सहाशे अकरा सूचनांमधून मतदानाने निवडले. गावाच्या इतिहासात इतक्या झटपट निकालात निघालेला हा एकमेव विषय.) तिने अकरा दिवसांत काटक्या आणून घर बांधले. अर्ज केला नाही, उंची दाखवली नाही, सावलीचा अभ्यास केला नाही. तिच्याविरुद्ध एकही हरकत आली नाही. जागाही तिने पाहून निवडली होती: दुसरा मजला, नैर्ऋत्येचा कोपरा. म्हणजे एफ्रेनचे स्वयंपाकघर. सोडतीच्या यादीत तिचे नाव नव्हते.

"बघ," लुझ खालून म्हणाली. "तिला समुद्र कसा स्वच्छ दिसतोय."

घरट्याच्या तीस मीटर परिसरात शिडीला बंदी झाल्याने एफ्रेन त्या दिवसापासून फुटपाथवर बसून जेवू लागला.

पेनेलोपीला तीन पिल्ले झाली. दोन धडधाकट, तिसरे अगदी एवढेसे. त्याचा डावा पंख जरा लोंबायचा. गावाने कॅमेरा बसवला आणि कामधंदा सोडून दिला. पेनेलोपी मासा घेऊन आली की थोरली दोन तुटून पडत आणि धाकटे मागे चोच वासून राही. मग ती एक तुकडा वेगळा काढून त्याला भरवायची. ते पाहून भलेभले डोळे पुसत. ग्वेनबाईंच्या आई एक्याण्णवच्या होत्या, आता एकशे तीनच्या. त्याही पडद्यासमोरून हलेनात, आणि त्यांना भरवता भरवता लुझही बघायची. पंखाचे काय होणार, या चिंतेने गाव वाळून गेले.

जूनच्या सुनावणीत एफ्रेन पहिल्यांदाच बोलायला उभा राहिला. प्रत्येकाला दोन मिनिटे मिळतात. बारा वर्षांत त्याने त्यांतले एकही वापरले नव्हते.

"माझी हरकत काही नाही," तो म्हणाला. "ती पक्षीण बसते ना, ते माझं घर आहे. बारा वर्षं मीच सांभाळलंय. मुलगी सहाची होती, तिला म्हटलं, पुढच्या वर्षीपासून रोज एकत्र जेवायचं. दरवर्षी तेच सांगत आलो. नंतर नंतर तीच मला म्हणायची, राहू दे पप्पा. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला निघतेय. गेली की आम्ही दोघंच उरतो, आणि दोघांना हे घर मिळत नाही. ती आहे तोवर शिक्का मारा. पिल्लं उडेपर्यंत एक वीटसुद्धा कोणी हलवणार नाही, माझा शब्द. सुट्टीत आली की तिला स्वतःची खोली मिळेल. दुसरं काही मागत नाही."

सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या एक मिनिट पन्नास सेकंद चालल्या. (त्या पुढच्या वक्त्याच्या वेळातून वजा करण्यात आल्या.) ग्वेनबाईंना हुंदका आवरेना. त्या म्हणाल्या, "मी जिवाभावाने एफ्रेनच्या बाजूची आहे. पण धाकट्याला अजून उडता येत नाही हो! नुसत्या शिक्क्याच्या आवाजानेसुद्धा पेनेलोपी बिथरली तर?"

दोन ठराव एकमताने संमत झाले. एक, धाकटे उडेपर्यंत निर्णय तहकूब. दोन, श्री. मागतिबाय यांचे मनःपूर्वक आभार व मानपत्र. मानपत्रावर पेनेलोपीचे चित्र होते.

चौदा ऑगस्टला सकाळी दहा वाजून सहा मिनिटांनी धाकटे उडाले. चर्चची घंटा वाजली, केक कापला गेला, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्याच सकाळी एफ्रेन आणि लुझ पहिल्यांदाच एकत्र सुट्टी काढून मुलीला कॉलेजात सोडायला गेले होते. दोन बॅगा आणि भाताचा कुकर. वाटेत तिघे एका टपरीवर शेजारी शेजारी बसून जेवले. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे घ्या, झालं एकत्र जेवण." एफ्रेनने आपल्या ताटातला एक तुकडा काढून तिच्या ताटात ठेवला. (त्या दिवशी जाळीचा एक कोपरा फडफडत असल्याची आणि संबंधित इसम जागेवर नसल्याची तक्रार नोंद आहे.)

एकोणतीस ऑगस्टला इमारत मंजूर झाली. घरे पस्तीस; नैर्ऋत्येचा कोपरा पेनेलोपी मार्चमध्ये परत येईल म्हणून राखून ठेवला आहे. एफ्रेनला पत्र आले: आपले कुटुंब आता दोन माणसांचे असल्याने आपण अपात्र आहात, एका खोलीच्या यादीत आपला क्रमांक एक हजार एकशे आठ, गावाच्या प्रगतीत आपला वाटा मोलाचा आहे. नव्या यादीतल्या घरांसाठी खांब रोवायचे काम त्यालाच मिळाले आहे.

दोनशे चौदा हरकतदारांच्या यादीखाली, नियमाप्रमाणे, दोनशे पंधरावी ओळ कोरी ठेवलेली आहे. त्यासंबंधी वाचकांना एक विनंती. धाकट्याच्या पंखाचा घोर तुम्हालाही लागला होता, त्यात लाजण्यासारखे काही नाही. घारीचे नाव तर आता तुम्हाला पाठच झाले असेल. तेव्हा वर नजर न टाकता एफ्रेनच्या मुलीचे नाव सांगा. (ते आले आहे, खांब रोवले त्याच परिच्छेदात, एकदा.) सांगता आले तर उत्तम. नाही आले, तर त्या ओळीवर सही करा. पेन प्रूइटांकडे मिळेल.