वाघमोडे सरांची डावी पापणी

आमच्या शेजारचे वाघमोडे सर स्वतःच्या पापणीला हुकूम सोडतात. सकाळी अंगणात, रस्त्याकडे तोंड करून ओरडतात, "डावी, वर!" पापणी उचलली गेली तर ठीक. नाही गेली, तर बोटानं वर धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही पैल्यापास्नं आळशी हाय."

सरांनी जन्मभर शाळेत पीटी शिकवली. मैदानावर 'सावधान' म्हणाले की पलीकडच्या गल्लीतले यंत्रमागवालेसुद्धा ताठ व्हायचे. निवृत्तीनंतर त्यांना मायस्थेनिया झाला. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, असा हा आजार. विश्रांती घेतली की ताकद येते, वापरली की जाते. त्यामुळं सकाळी सर पूर्वीसारखेच कडक असतात. दिवस कलला की पापण्या मिटू लागतात, मग जबडा थकतो, आणि मग आवाज नाकात जातो.

समोर नवीन आलेल्या भाडेकरूनं एकदा मला हळूच विचारलं, "सर संध्याकाळी घेतात काय हो?" हे सरांच्या कानावर गेलं. ते स्वतःच त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. "घेतो की! रोज घेतो. टायमावर घेतो." असं म्हणून खिशातली गोळ्यांची पट्टी काढून त्याच्या नाकासमोर धरली.

त्यांची दिवाळी सकाळीच उरकते. "नरकासुर पहाटेच मेला. सण दिवसभर कशाला ताणायचा?" अभ्यंगस्नान कोमट पाण्यानं. गरम पाण्यानं हातपाय गळतात. "कढत पाण्यात माझा बटाटा हुतो," असं त्यांचं म्हणणं. गोळीचा जोर चढला की आमच्या दारात हजर. मी अंगाला तेल चोपडून पंच्यावर उभा, आणि दारातून आरोळी, "चकली!"

जबड्यात ताकद आहे तोवर आधी चकली, मग शंकरपाळी, लाडू सगळ्यात शेवटी. "अवघड पेपर आधी." माझी बायको सुनीता म्हणते, "सर, चहा तरी होऊ द्या."

"चहाला दात लागत न्हाईत, सूनबाई. चकली आण."

संध्याकाळी मात्र बोलावलं तर खेकसतात. "आमी दिवस मावळल्यावर कुणाकडं जात न्हाय." दमत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

यंदा लक्ष्मीपूजनाला त्यांचा मुलगा पुण्याहून येणार होता, सोबत सात वर्षांची नात ओवी. दुपारपर्यंत पोचतो म्हणाला होता. आणि त्या सकाळी सर फराळाला आलेच नाहीत.

मी धास्तावून त्यांच्या घरी गेलो. या आजारात कधी श्वासही अडतो, हे मला ठाऊक होतं. सर डोळे मिटून पलंगावर पडलेले. हाक मारली, तर नुसता हात हलवला.

"सर, डॉक्टरांना फोन लावू?"

"न्हाय." मग अगदी हळू म्हणाले, "हसू राखतोय."

मग तुकड्या-तुकड्यानं सगळं कळलं. मागच्या दिवाळीत ओवी संध्याकाळी आली होती. तिला बघून सर भरभरून हसले. पण थकलेल्या चेहऱ्यावर ओठांचे कोपरे वर जाईनात. नुसते दात दिसले. पोर बापाच्या मागं लपली. "आजोबा माझ्यावर चिडलेत."

"बाई गेल्यापास्नं ह्या घरात तेवढी एकच येती," सर म्हणाले. "आता फोनवर बी लांब बसती. आज चांगलं हसायचंय."

बाई म्हणजे त्यांची बायको. मी गुपचूप बाहेर आलो.

दुपारी मुलाचा फोन आला. मोडनिंबजवळ गाडी बंद पडली होती. उन्हं उतरायला लागली. मी परत सरांकडं जाऊन म्हणालो, "सर, पुढची गोळी आत्ताच घेतली तर?"

"मनानं घेतली तर उलटंच हुतंय. ऱ्हाऊ दे."

गाडी आली तेव्हा गल्लीत पणत्या लागल्या होत्या. सर पायरीवर बसले होते. पापण्या निम्म्याहून खाली, तोंडावर टॉवेल धरलेला.

ओवी उतरली. तिनंही तोंडावर हात धरला होता. मुलगा म्हणाला, "पुढचे दोन दात पडलेत. शाळेत पोरं हसली, तेव्हापासून हात काढत नाही."

टॉवेलाआडून सरांचा नाकातला आवाज आला. "दाखीव की."

"तुम्ही आधी."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग टॉवेल खाली घेतला आणि हसले. ओठ वर गेले नाहीत. दात तेवढे दिसले.

ओवी जागची हलली नाही. बराच वेळ बघत राहिली.

"हे हसणं आहे?"

"व्हय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि हात काढला.

नंतर ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसून कुठला दात कधी पडला ते बोबडं-बोबडं सांगत राहिली. ऐकता ऐकता सरांच्या पापण्या पार मिटल्या.

"आजोबा, झोपलात?"

"न्हाय गं," सर म्हणाले. "हसतोय."

"बरं," ओवी म्हणाली, आणि दुसऱ्या दाताचं सांगायला लागली.