आबांची पुढची सीट

रंगनाथआबांच्या गाडीत मी आजवर चाळीस-पन्नास वेळा तरी बसलो असेन, पण पुढच्या सीटवर एकदाही नाही. वर्षभर त्या सीटवर लहान मुलाची खुर्ची होती. गुलाबी रंगाची, दोन्ही बाजूंना हत्तीचं चित्र, गाडीच्या पट्ट्याने घट्ट आवळलेली. खुर्चीत कोणी नसायचं. तरी गाडी सुरू करण्याआधी आबा त्या रिकाम्या खुर्चीचे छोटे पट्टे लावायचे, बक्कल वाजलं की मान डोलवायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. स्पीडब्रेकर आला की त्यांचा डावा हात आपोआप त्या खुर्चीसमोर आडवा जायचा. मागे बसलेल्या माझं डोकं टपाला आपटायचं, तिकडे त्यांचं लक्ष नसायचं.

माझा देह काही लहान नाही. मागे बसलो की गुडघे हनुवटीला लागतात. एकदा मी म्हणालो, "आबा, ती खुर्ची मागं ठेवा की. मी पुढं बसतो."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "मोटारीचा कायदा हाय, दत्ता. डायव्हरच्या बाजूला मानाचा मानूस. तू कोन?"

मी कोण ते सांगतो. नगर-दौंड रस्त्यावर काष्टीच्या अलीकडे जुन्या गाड्यांचं यार्ड आहे, ते माझं. कारखान्याच्या आवारात जीपगाड्या पुसण्यापासून मी सुरुवात केली. आज माझ्या दारात वीसेक गाड्या उभ्या असतात आणि माझ्याशी घासाघीस करायला लोक बायकोला सोबत आणतात, कारण एकट्याचा निभाव लागत नाही. व्यवहारात मी कुणाला सोडत नाही, पण खोटं बोलून गाडी विकत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे गावाला अजून समजलेलं नाही. का समजलेलं नाही, त्याचं कारण रंगनाथआबा.

आबा साखर कारखान्याच्या चेअरमनचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. या काळात चेअरमन तीन बदलले, आबा तेच राहिले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, घामाने कॉलर मळू नये म्हणून मानेमागे घडी घातलेला रुमाल. निवृत्त झाले तरी अंगातला ड्रायव्हर काही उतरला नाही. कुणाच्या घरी गेले की चपला काढतात त्या रस्त्याकडे तोंड करून. "निघताना रिव्हर्स नको." बाजारात पायी चालताना वळायचं असेल तर आधी उजवा हात बाहेर काढतात. एकदा त्या हाताने एका भजीवाल्याची परात उलटली. आबा त्याला म्हणाले, "आरशात बघत जा." बिचारा भजीवाला स्वतःच्या गाड्याला आरसा कुठे असतो ते शोधत राहिला.

त्यांचा मुलगा संदीप पुण्यात मोठ्या नोकरीत आहे. त्याने वडिलांना एक पांढरी गाडी घेऊन दिली होती, अगदी नवी कोरी. ती गाडी घेऊन एका सकाळी आबा माझ्या यार्डात शिरले. अर्थातच उलटे शिरले, तोंड रस्त्याकडे.

"शेठ," ते म्हणाले. एरवी मी दत्ता असतो. ते शेठ म्हणाले की काहीतरी वाकडं असतं. "ही ठिवून घे आन मला एक मोटार दे. एरबॅग नसलेली."

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक एअरबॅग किती ते विचारतं. दोन असल्या तर सहा का नाहीत म्हणून भाव पाडतं. नसलेली मागणारा हा पहिलाच.

"का हो आबा?"

"सूनबाई फोनवर म्हनली, सईची खुर्ची पुढं लावू नका, पुढं एरबॅग असती. फुटली तर लहान लेकराला लई जोरात लागतं. म्हनलं, इलाज सोपा हाय. एरबॅगच नको."

सई म्हणजे त्यांची नात, त्या वेळी दोन वर्षांची. खुर्ची आबांनी पुण्याहून मागवून घेतली होती. नात आली की तिला शेजारी बसवून काष्टीच्या शनिवारच्या बाजारात न्यायचं, बैल दाखवायचे, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

मी म्हणालो, "आबा, सूनबाईचं म्हणणं तसं नाही. पोरीला मागं बसवा, असं म्हणतेय ती."

"मागं? मागं बसून काय दिसंल तिला? सीटची पाठ."

मी तीनदा नको म्हणालो. देवाशपथ तीनदा. तिसऱ्या वेळी आबांनी रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या यार्डाकडे मान वळवली. तो माणूस कसा आहे ते मला ठाऊक होतं. त्याच्या हाती आबा लागण्यापेक्षा माझ्या हाती लागलेले बरे, असा विचार करून मी हो म्हणालो. करड्या रंगाची एक जुनी गाडी होती, एका मास्तरांनी जपून वापरलेली. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक मी आबांना मोजून दिला, वर त्यांनी तिला चारही टायर नवे घालून घेतले. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "तुला टायर पुसताना बघितलंय म्या. टायरातलं मला शिकवू नको."

पांढरी गाडी आठ दिवसांत श्रीगोंद्याच्या एका डॉक्टरांनी नेली. इकडे आबांचा सराव सुरू झाला. दर शनिवारी ते गाडी काढायचे, रिकाम्या खुर्चीचे पट्टे लावायचे आणि बाजाराच्या वाटेला लागायचे. मलाही बाजारात काम असायचंच, मी मागे बसायचो. तिशीच्या पुढे काटा जायचा नाही.

"हितं गाय दावायची," आबा म्हणायचे. "हितं उसाची गाडी उभी असती, हितं थांबायचं जरा. ह्या घराला मोर हाय. मोर नसला तर म्हनायचं, झोपलाय."

"कुणाला सांगताय आबा?"

"तू गप बस. मागच्यानं बोलायचं नसतं."

असं वर्ष गेलं. संदीपला सुट्टी मिळाली नाही, मग सई आजारी पडली, मग घर बदललं. आबा फोनवर म्हणायचे, "हां हां, सवडीनं या." फोन ठेवला की फडकं घेऊन हत्तीचं चित्र पुसायचे.

शेवटी दिवाळीला सगळे आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती करडी गाडी माझ्या यार्डात आली आणि तिच्यामागे संदीपची गाडी. त्यातून संदीप उतरला आणि सईला कडेवर घेऊन सूनबाई. तिचं नाव केतकी. ती आवाज चढवत नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटते.

"काका, एअरबॅग नसलेली गाडी तुम्ही बाबांना शोधून दिलीत?"

"शोधून नाही. होती."

"आणि असलेली काढून घेतलीत."

माझं डोकं फिरलं. "काढून घेतली नाही, ताई. तीनदा नको म्हणालो मी. त्यांनाच विचारा."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा गाडीचा आरसा पुसत होते. "मला न्हाई आठवत," ते म्हणाले.

तोवर रस्त्यावर दोन-चार माणसं थांबली होती. शेठने म्हाताऱ्याला फसवलं, ही बातमी दुपारी जेवायच्या आत गावभर झाली. तो सल माझ्या मनात आजही आहे.

संदीप एवढंच म्हणाला, "आबा, ती गाडी मी तुमच्यासाठी घेतली होती."

"चांगली हुती रं. पन तिच्यात सई पुढं बसत नव्हती."

केतकीने सईला नवऱ्याकडे दिलं आणि ती आबांसमोर उभी राहिली. "बाबा, एअरबॅग नसली म्हणजे पुढची जागा चांगली झाली असं होत नाही. गाडी धडकली तर आधी पुढचा भाग चेपतो. लहान मुलांची जागा मागेच. सई या गाडीत पुढे बसणार नाही."

"एकतीस वर्सं गाडी चालिवली, सूनबाई. एक ओरखडा न्हाई."

"तुमच्यावर विश्वास आहे, बाबा. समोरून येणाऱ्यावर नाही."

यावर मोटारीचा कुठलाच कायदा आबांना सापडला नाही. ते जुन्या टायरांच्या चळतीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी चहा सांगितला, तो आला, निवला.

"ह्यो संदीप पाच वर्सांचा आसंल," आबा टोपीकडे बघत म्हणाले. "कारखान्यावर डबा घिऊन आला. सायेब मीटिंगमदी हुते. म्हनलं, एक फेरी मारू. पुढं बसवला, माझ्या शेजारी. गेटापातुर गेलो आन माघारी आलो, तर सायेब पायरीवर. ते काय बोललं न्हाईत. नुसतं दाराशी येऊन उभं ऱ्हायलं. म्या ह्याला उचलला आन मागं फायलींत ठिवला."

"मग?" केतकीने विचारलं.

"लई रडला. आबा, मला तुमच्याजवळ बसायचंय, म्हनायचा. घरी आल्यावर इच्यारलं, परत कवा बसवता? म्या म्हनलं, उद्या." आबांनी टोपीची कड सरळ केली. "त्याच्यानंतर ती सीट कवा मोकळी घावलीच न्हाई. मग ह्यो शिकाया गेला."

संदीप सईच्या केसांतून हात फिरवत उभा होता. "मला नाही आठवत, आबा," तो म्हणाला.

"बरं हाय," आबा म्हणाले.

मग ते स्वतःच उठले. गाडीचं पुढचं दार उघडून खुर्चीचा पट्टा सोडला आणि ती खुर्ची पोटाशी धरून माझ्याकडे आणली. "मागं कशी बांधायची, दाव."

मी खुर्ची मागच्या सीटवर बसवली. केतकीने ती तीन वेळा हलवून बघितली, पट्ट्याच्या खाली बोट घालून बघितलं. मग माझ्याकडे वळली. "काका, गाडी ठणठणीत आहे म्हणता ना? शनिवारी बाजारात जाताना तुम्हीही चला."

आतापर्यंत मी अनेक गिऱ्हाइकांना हमी दिली असेल, पण हमी म्हणून मलाच कुणी गाडीत घातलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी गेलो तेव्हा आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडीशी उभे होते. सई मागे ड्रायव्हरच्या पाठीशी खुर्चीत, मध्ये केतकी, तिच्या शेजारी मी. पुढची सीट वर्षात पहिल्यांदा उघडी दिसत होती. खुर्चीखालचा कापडाचा चौकोन बाकीच्या सीटपेक्षा गडद राहिला होता. आबा डावीकडे आले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं. उघडून धरून उभे राहिले, चेअरमनसाठी एकतीस वर्षं राहिले तसे.

संदीप मागच्या दाराकडे येत होता. केतकी म्हणाली, "अहो, इथे जागा नाही. पुढे बसा ना."

तो बसला. सहा फुटी माणूस, त्याचे गुडघे समोर टेकले. त्याने खाली हात घालून सीट मागे सरकवली, ती थेट माझ्या गुडघ्यांवर आली. मी ओरडणार होतो, पण केतकी माझ्याकडे बघत होती. आबांनी दार अलगद लावलं, वळसा घालून आपल्या जागी आले, आणि थांबले. संदीपने पट्टा ओढला. बक्कल वाजलं. आबांनी मान डोलवली आणि किल्ली फिरवली.

वर्षभर घोकलेली गाय आली, उसाची गाडी आली, मोराचं घर आलं. आबा एक शब्द बोलले नाहीत. सईला मात्र खिडकीतून सगळं दिसत होतं. तिने गाईला हाक मारली. उसाच्या गाडीला पण मारली. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरचा गिअर दोनदा चुकला.

बाजाराच्या अलीकडे स्पीडब्रेकर आहे. गाडी हळू झाली आणि आबांचा डावा हात आडवा गेला. छत्तीस वर्षांच्या पोराच्या छातीवर तो पसरून राहिला. गाडी वर चढली, खाली उतरली, तरी हात तिथेच होता. मग आबांच्या लक्षात आलं. त्यांनी हात पटकन गिअरवर नेला आणि काचेतून समोर बघू लागले.

संदीपही समोरच बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आबा, पुढे अजून एक ब्रेकर आहे."

रविवारी ते पुण्याला गेले.

पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे आबांकडे गेलो. गुलाबी खुर्ची मागे बांधलेली होती, रिकामी, पट्टे लावलेले. पुढची सीट मोकळी होती. एकदाचे माझे दिवस आले म्हणून मी पुढचं दार उघडलं आणि सीट सारखी करायला खाली हात घातला.

"हात काढ," आबा म्हणाले. "मागं बस."

"आता पुढं कोण आहे, आबा?"

"सरकवू नको ती. त्याच्या पायांच्या मापाची झालीय."

मी दार लावलं आणि मागे जाऊन खुर्चीच्या शेजारी बसलो. सीट मागे सरकलेली असल्याने आता गुडघे हनुवटीच्याही वर येत होते. व्यवहाराचं सांगायचं तर, त्या गाडीपायी माझं नाव गावात अजून खराब आहे, आणि खरं काय ते आबा कुणाला सांगत नाहीत. त्या दिवशी त्यावरूनच त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे ठरवून मी घरातून निघालो होतो.

बाजाराच्या अलीकडे ब्रेकर आला. आबांचा डावा हात रिकाम्या सीटसमोर आडवा गेला. माझं डोकं टपाला आपटलं. मी काही बोललो नाही.