बाबूनानांचं दिनमान

पंचांग माणसं लग्नमुंजीच्या मुहूर्तासाठी उघडतात. आमचे शेजारी बाबूनाना ते म्हशींसाठी उघडत. तिथी, नक्षत्र, राहुकाळ यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. बोट थेट सूर्योदय-सूर्यास्ताच्या रकान्यावर. मग खिशातलं घड्याळ काढून ते गल्लीच्या तोंडाशी उगवतीकडे बघत उभे राहायचे आणि साऱ्या गल्लीला बातमी द्यायचे, "आज पाऊण मिनिट आटला दिवस!"

त्या पाऊण मिनिटावाचून गल्लीत कुणाचंच काही अडलेलं नसायचं.

नाना संस्थानच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच सुमारास तेही निवृत्त झाले. कोणतं जनावर कोणत्या महिन्यात माजावर आलं, कधी व्यालं, हे उभ्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या हौसेनं वह्यांत लिहून ठेवलं होतं. त्या वह्यांतून त्यांचा एक सिद्धांत निघाला होता, आणि तो ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीत पाहुण्याला पाऊल टाकता येत नसे.

"पावणं, जन्म कंच्या म्हयन्यातला?"

पाहुणा बिचारा पत्रिकेबद्दल विचारतायत असं समजून सांगायचा, "भाद्रपदातला."

नाना बोटांवर नऊ महिने मागं मोजायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "म्हंजे मार्गशीर्ष!" पाहुणा कानापर्यंत लाल. नाना मात्र खिन्न होऊन मान हलवायचे. "माणसाचं काय खरं न्हाय. बारमाही कारभार. जनावराला येळकाळ असतोय."

एकदा आमच्या शाळेचे हेडमास्तर माझ्याकडे चहाला आले, तेव्हा त्यांचाही महिना निघाला. ते पुन्हा आले नाहीत.

मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. वडील नव्हते, घरात आई, मी आणि आमची म्हैस चंद्री. आईच्या माहेरहून, कागलहून आलेली. वडील गेले त्या वर्षी आई जेवढी माणसांशी बोलली नसेल तेवढी चंद्रीशी बोलली. पण दोन वर्षं झाली, चंद्री काही गाभण राहीना. माजाचं लक्षणच दिसेना. वैशाखात कागलचा मामा आला आणि गोठ्याच्या दारातूनच म्हणाला, "आक्का, भाकड जनावर किती दिस पोसणार? बाजार दाखव की."

आईनं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच. मामा गेल्यावर कुंपणापलीकडून नानांचा आवाज आला.

"वैनी, दिवाळीपत्तोर कुठं धाडू नका तिला."

"का हो?"

"वैशाखात म्हशीकडनं काय मागताय? दिवस लांबडा, अंगाची लाही हुतीया. दिवस आटू द्या, मग बघा." मग ते कुंपण ओलांडून आलेच आणि मला समोर बसवून शिकवू लागले. "मास्तर, हिशोब उलटा करायचा. रेडकू जन्मंल तवा रानात वलं गवात पायजे का न्हाय? मग श्रावणातनं दहा म्हयनं मागं या. आश्विन! पर म्हशीला पुढचा श्रावण कसा कळणार? तिला दिवस सांगतोय. दिवस आखूड व्हाय लागला की डोळ्यातनं आत कायतरी जातंय आनि अंग जागं हुतंय."

"आत कसं जातं, नाना?"

"त्ये मला न्हाय ठावं. म्हशीला इचारा."

त्या दिवसापासून चंद्रीचा कारभार नानांनी हाती घेतला. उन्हाळ्यात तिच्यावर दुपारी दोनदा पाणी, गोठ्याला पाल्याचा दाट आडोसा. आईनं सगळं मुकाट्यानं केलं. भाद्रपदात गल्लीतली कुत्री मोकाट सुटली तेव्हा नाना खूश होऊन म्हणाले, "बघा, कुत्र्यांनी सुरवात केली!" आश्विन लागला तसे ते रोज तांबडं फुटायला गोठ्यात हजर. म्हशीचा माज मुका असतो, ती गाईसारखी हंबरून गाव जागं करत नाही, ओळखायला बसून राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते पोत्यावर बसायचे, चंद्रीकडे बघायचे. चंद्री रवंथ करत त्यांच्याकडे बघायची. असे तीन आठवडे गेले. मला हसू यायचं. आईला येत नव्हतं.

एका सकाळी ते ओरडले, "मास्तर, दावं सोडा! आज शाळा न्हाय!"

मला तर काहीच वेगळं दिसत नव्हतं. पण आम्ही चंद्रीला घेऊन उचगावपर्यंत चालत गेलो, तिथं एकाचा नावाजलेला रेडा होता. दुपारी शाळेत पोचलो. हेडमास्तरांनी उशिराचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "त्या शेजाऱ्यांबरोबर होता का? मग जा वर्गावर."

चंद्री फळली, गाभण राहिली. पुढच्या श्रावणात, एका भुरभुर पावसाच्या सकाळी, ती व्याली. वगार झाली, म्हणजे मादी रेडकू, काळीभोर, कपाळावर पांढरा टिकला. आई हसताहसता रडत होती. वडील गेल्यापासून तिला तसं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

चिकाचा पहिला खरवस घेऊन ती नानांकडे गेली, मीही बरोबर होतो. म्हणाली, "नाना, तुमचे उपकार कसे फेडू? काहीतरी मागा."

नाना, ज्यांचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पुरायचा, एकदम खालच्या आवाजात बोलले. "मागतो एक. वगारीला हळदकुकू आमच्या शेवंताच्या हातनं लावा. तिला असल्या कामाला कुनी बोलवत न्हाय."

शेवंताकाकू म्हणजे नानांची बायको. त्यांना मूल नव्हतं. शेजारी राहून इतक्या वर्षांत आम्हीही त्यांना कधी असल्या कार्याला बोलावलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. आईलाही कळलं असावं. ती तशीच आत गेली आणि काकूंना हाताला धरून आमच्या गोठ्यात घेऊन आली.

काकूंनी घाईघाईनं घडीचं लुगडं नेसलं होतं. त्यांनी वगारीला हळदकुंकू लावलं.

"नावही तुम्हीच ठेवा," आई म्हणाली.

काकू वाकल्या. वगारीच्या कानाशी तोंड नेऊन हळूच काहीतरी बोलल्या.

"काय ठेवलं?"

"वेणू." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "लगीन झालं तवाच ठरवून ठेवलं हुतं."

नाना गोठ्याच्या दारातच उभे होते. आई म्हणाली, "आत या की नाना."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हितनं समदं दिसतंय."

आई काकूंच्या शेजारी गोठ्यातल्या ओल्या जमिनीवर बसली. दोघी बराच वेळ वेणूचं अंग पुसत राहिल्या.